रेस घेत नाही

‘रेस घेत नाही’ हा वाक्प्रयोग निबंधाच्या वहीत कुणी लिहिला असता, तर मी त्याच्याखाली लाल रेघ ओढली असती. शर्यतीचा आणि घेण्याचा काय संबंध? पण स्वारगेटला शंकरशेठ रस्त्यावरून घोरपडे पेठेकडे आत वळलं की गॅरेजवाल्यांची जी वस्ती लागते, तिथे हीच प्रमाण मराठी आहे. रेस म्हणजे ॲक्सिलरेटर. ‘रेस दे’ म्हणजे तो दाब. ‘रेस धर’ म्हणजे दाबून एका जागी स्थिर ठेव. ‘रेस सोड’ म्हणजे पाय काढ. आणि ‘रेस घेत नाही’ म्हणजे पाय दाबला तरी इंजिनाचे फेरे वाढत नाहीत, ते गुदमरतं. एक शब्द, चार क्रियापदं, आणि चारही अर्थ अगदी काटेकोर. शब्दकोशवाले नेहमी मागाहूनच येतात, मंडळी.

तर आमची गाडी रेस घेत नव्हती. गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या दसऱ्यापासून ते नोव्हेंबर संपेपर्यंत आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

नातेवाइकांना ही गाडी ठाऊक आहेच. निम्मी भाचरं तिच्या मागच्या सीटवर ओकलेली आहेत (पसरणीचा घाट. नावं घेत नाही!). ब्लॉगवाल्या मित्रमैत्रिणींसाठी सांगते. प्रीमियर ११८ एनई, नोंद डिसेंबर १९९०. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही गाडी. त्यांचीच पद्मिनी, म्हणजे आपली ‘फियाट’, सगळ्यांच्या लक्षात राहिली. ही तिची धाकटी, चौकोनी तोंडाची बहीण मात्र लोक विसरले. १९८५ मध्ये ती आली तेव्हा केवढा गाजावाजा होता! अंगकाठी इटलीच्या फियाट १२४ ची, जी १९६६ मधली, आणि हृदय जपानी, निस्सानचं ए-१२. नावातलं ‘एनई’ म्हणजे निस्सान इंजिनच. ५२ अश्वशक्ती. आजच्या पोरांना हसू येईल, पण तेव्हा रस्त्यावर ॲम्बॅसडर आणि पद्मिनी होत्या, आणि कात्रजच्या घाटात या दोघींना मागे टाकणं ही काही लहान गोष्ट नव्हती.

हे इंजिन पळायचं का, याचं उत्तर मला यांनी एकदा कागदावर मांडून दिलं होतं. मी बी.ए. मराठीची, तेही मराठी माध्यमातून, तरी मला कळलं. म्हणजे तुम्हालाही कळेल. इंजिनात पिस्टन वर-खाली होतो. ज्या नळकांड्यात तो फिरतो त्याची रुंदी म्हणजे बोअर, आणि त्याच्या एका फेरीची उंची म्हणजे स्ट्रोक. जुन्या ॲम्बॅसडरच्या १,४८९ सीसीच्या इंजिनात रुंदी ७३ मिलिमीटर आणि उंची जवळजवळ ८९. पद्मिनीच्या १,०८९ सीसीमध्ये रुंदी ६८, उंची ७५. आमच्या गाडीच्या १,१७१ सीसीमध्ये मात्र रुंदी ७३ आणि उंची फक्त ७०. म्हणजे रुंदी जास्त, उंची कमी. आता मिनिटाला ५,००० फेरे धरले, तर ॲम्बॅसडरच्या पिस्टनला त्या एका मिनिटात ८८९ मीटर धावाधाव करावी लागते, पद्मिनीच्या पिस्टनला ७५० आणि आमच्या पिस्टनला ७००. ज्याला कमी पळावं लागतं तो दमतही कमी! जपानमध्ये १९७० च्या दशकात याच इंजिनाच्या सनी गाड्या शर्यतींत उतरत, आणि शर्यतीसाठी खास तयार केलेलं ए-१२ मिनिटाला १०,००० फेऱ्यांच्या जवळ जाई. आमचं अर्थात कधी तिथवर गेलं नाही. पण ‘जाऊ शकतं’ एवढी माहितीही नवऱ्यामाणसांना पुरते.

असो. मूळ तक्रारीकडे येते.

गाडी एका दमात सुरू होत होती. जागेवर, म्हणजे स्लो स्पीडला, शहाण्या मुलासारखी उभी राहायची. सातारा रस्त्याला लागून चौथा गिअर टाकला आणि ताशी पंचेचाळीस-पन्नासला पाय स्थिर धरला, की आचके सुरू. जणू कुणी मागून खांद्याला धरून ओढतंय. पाय सोडला की शांत. उभ्या गाडीत रेस धरली तरी तेच. जरा वर जायची आणि तिथे अडखळायची.

पहिल्या गॅरेजने (नाव घेत नाही, घ्यायचं कारणही नाही) प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला. आठवडाभराने दुसऱ्याने कार्ब्युरेटर उघडून नवीन किट घातलं. तिसऱ्याने पेट्रोलच्या नावाने बोटं मोडली.

पेट्रोलचा संशय अगदीच खोटा म्हणता येत नाही हं. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं आणि २०२५ मध्ये ते जवळजवळ सगळीकडे पोचलं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. शिवाय त्याच्यात स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरमध्ये मिश्रण पातळ पडतं. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात, मऊ पडतात. आमच्या काळच्या गाड्या या पेट्रोलसाठी बनवलेल्याच नाहीत. त्यामुळे आजकाल जुन्या गाडीला काहीही झालं, की पेट्रोलकडे बोट दाखवलं की काम झालं. पूर्वी शाळेत मूल नापास झालं की पालक ‘टीव्ही’ म्हणायचे, आता ‘मोबाइल’ म्हणतात, त्यातलाच प्रकार. कारण खरं असतं, पण या मुलाचं हेच कारण आहे का, ते कुणी बघत नाही.

चौथ्याने गाडी फिरवून आणली, हात पुसले आणि म्हणाला, ‘‘काका, इंजिन गेलं. खोलायला लागेल. साठ-सत्तर हजार धरून चाला.’’

इथे आमच्या घरात शांतता पसरली.

कारण हिशेब एवढाच नव्हता. डिसेंबरात गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण होतं. खासगी गाडीला पहिली पंधरा वर्षं, मग दर पाच वर्षांनी. २००५, २०१०, २०१५, २०२० असं करत करत आम्ही २०२५ ला येऊन ठेपलो होतो. एप्रिल २०२२ पर्यंत या कामाची फी ६०० रुपये होती, ती तेव्हा ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती १०,००० केली. पर्यावरण कर वेगळा. वर गाडी आरटीओच्या साहेबांसमोर नेऊन उभी करायची, त्याआधी पीयूसी काढायची. आचके देणारी गाडी न जळलेलं पेट्रोल मागून सोडते. ती पीयूसीत पास होणं कठीण. मुलाचा बंगळूरहून फोन आला. ‘‘आई, आता पुरे ना. बाबा चालवत नाहीत, तू चालवत नाहीस. स्क्रॅपला देऊन टाकू.’’

तो काही चूक बोलत नव्हता. गाडी महिन्यातून दोन-तीनदा निघते, तीही शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा हौसेने चालवतो म्हणून. यांचं वय ऐंशी.

आणि याच्या खाली अजून एक गोष्ट होती, जी फोनवर सांगता येत नव्हती.

आमच्या गाडीचं दुखणं आजवर यांनी कानाने ओळखलेलं आहे. रविवारी सकाळी बोनेट उघडायचं, मला गाडीत बसवून ‘‘रेस धर’’ म्हणायचं आणि आपण डोळे मिटून उभं राहायचं. पण गेल्या तीन-चार वर्षांत कान गेले. पूर्ण नाही. वयाने जातात तसे, आधी वरचे सूर. डॉक्टरांनी काढलेल्या आलेखावरची रेघ उजवीकडे घाटासारखी खाली उतरलेली होती. अशा माणसाला स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. ‘साखर’ म्हटलं तर ‘आ-अ’ पोचतं, बाकी ओठांवरून ओळखायचं. इंजिनाच्या ओठांवरून काय ओळखणार? यंत्र लावून ऐकलं तर सगळंच एकसारखं मोठं होतं, आणि स्वारगेटच्या एसटीच्या हॉर्नपुढे तर बोलायलाच नको.

म्हणून या वेळी यांनी मला विचारलं, ‘‘आवाज कसा येतोय?’’

मी म्हटलं, ‘‘विचित्र.’’

‘‘विचित्र हा आवाज नाही. ते मत आहे.’’

छत्तीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईला हे ऐकावं लागलं! पण मुद्दा बरोबर होता. मग आमचा एक उद्योग सुरू झाला. संध्याकाळी चहा घेताना आम्ही आवाजांची यादी केली. मराठीत या बाबतीत श्रीमंती किती आहे, हे मला व्याकरणाच्या पुस्तकात ध्वन्यनुकारी शब्दांचं पान शिकवताना कधी इतकं जाणवलं नव्हतं. टकटक म्हणजे वरून येणारा, हलका, सुईसारखा आवाज. तो टॅपेटचा, आणि तो थोडा असलेला बरा. ठकठक म्हणजे खालून, पोटातून येणारा. तो बेअरिंगचा, आणि तो आला की पैसे काढून ठेवायचे. चढावर टणटण, जशी डब्यात गोट्या हलवाव्यात. ठिणगी वेळेआधी पडते आहे किंवा पेट्रोल हलकं आहे. कुईं म्हणजे पट्टा सैल. फुस्सऽ म्हणजे कुठेतरी हवा खातेय. फटाक् मागून आला तर एक अर्थ, पुढून कार्ब्युरेटरमधून आला तर निराळा. घरघर, खरखर, धडधड, भकभक... एकेका शब्दाचा एकेक अवयव. शब्दांतला फरक अक्षराचा, बिलातला हजारांचा.

मग प्रत्येक आवाजाला यांचा दुसरा प्रश्न: कधी? आणि तिसरा: सारखा, की मधूनमधून?

‘कधी’ या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्ही भल्या पहाटे निघालो. स्वारगेटला शांतता हवी असेल तर ती पहाटे साडेचारच्या आसपास मिळते तेवढीच. त्यानंतर एसटी, पीएमपी, रिक्षा आणि परगावाहून उतरलेली माणसं. (२९ सप्टेंबर २०२४ ला जमिनीखालून मेट्रो सुरू झाली, पण तिच्यामुळे वरचा गलबला कमी झाल्याचं मला तरी दिसलं नाही.) जेधे चौक, मार्केट यार्डाचा फाटा, पद्मावती, बालाजीनगर, कात्रज. शेजारचा मुलगा चालवत होता, हे पुढे, मी मागे वही घेऊन. सपाटीवर पन्नासला आचके, लिहिलं. पाय सोडला, शांत, लिहिलं. मग जुना कात्रज घाट लागला. मुलाने तिसरा गिअर टाकून पाय पार खाली दाबला, आणि गाडी सरळ, बिनतक्रार वर गेली. एक आचका नाही. वर जाऊन वळवली, उतारानंतर पुन्हा सपाटी, पुन्हा पन्नास, पुन्हा आचके.

मी वहीत लिहिलं: चढावर शहाणी, सपाटीवर वेडी.

हे वाचून यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी परीक्षेच्या हॉलमध्ये पाहिलेलं आहे. प्रश्न येत असल्याचं.

इथे थोडं विषयांतर करते. माझ्या वर्गात एक मुलगा होता, शुद्धलेखनात दहापैकी दोन. सगळ्या बाई म्हणायच्या, मठ्ठ आहे. मी त्याच्या चुका किती हे मोजायचं सोडून त्या कुठे आहेत ते पाहिलं. मी तोंडी सांगितलेलं तो बिनचूक लिहायचा. फळ्यावरून उतरवलेलं सगळं चुकायचं. मुलाला चष्मा हवा होता, झालं! चुकांची संख्या काही सांगत नाही. चूक कुठे होत नाही, हे विचारलं की मात्र वाट सापडते. चार गॅरेजवाल्यांनी गाडी किती बिघडली आहे हे सांगितलं होतं. ती कधी बिघडत नाही हे एकानेही विचारलं नव्हतं.

कारण बघा ना. पेट्रोल कमी पोचत असतं, नळी दबली असती, पंप दमला असता, तर घाटात, जिथे जास्तीत जास्त पेट्रोल लागतं तिथे, ती आधी बसली असती. सायलेन्सर तुंबला असता तरी घाटातच गुदमरली असती. इंजिनाचा दम खरोखर गेला असता तर घाट चढलीच नसती. साठ-सत्तर हजारांचं निदान त्या एका चढावर निकालात निघालं. एक संशय मात्र उरला होता: मिश्रण पातळ पडणं. ते सपाटीवरच त्रास देतं, कारण पाय पूर्ण दाबला की कार्ब्युरेटर जास्तीचं पेट्रोल देतो. म्हणजे इथेनॉलवाल्याचं म्हणणं अजून जिवंत होतं. त्याची परीक्षा सोपी. आचके चालू असताना चोक थोडा ओढायचा; मिश्रण घट्ट होतं, आणि दुखणं तेच असेल तर आचके थांबतात. मुलाने ओढला. थांबले नाहीत, उलट काळा धूर आला. पेट्रोल सुटलं बिचारं.

राहिली ठिणगी. ती घेऊन आम्ही उस्तादांकडे गेलो.

उस्ताद सत्तरीचे. याच बोळात, पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज आहे. आताशा तिथे गाड्या कमी आणि गप्पा जास्त. त्यांचा नातू आयटीआय करून आलेला. त्याच्या हातात नव्या गाड्यांना जोडायचा स्कॅनर असतो. त्याने सवयीने आमच्या डॅशबोर्डखाली वाकून सॉकेट शोधलं. उस्ताद म्हणाले, ‘‘अरे, हिला तोंड नाही. हिला कान द्यावा लागतो.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘हां बाई, बोला. साहेबांनी काय सांगितलंय?’’

मी वही वाचून दाखवली. घाट, सपाटी, चोक, सगळं. ते मधे एकदाही बोलले नाहीत. मग त्यांनी एक जुनी पावती सायलेन्सरच्या तोंडाशी धरली आणि नातवाला म्हणाले, रेस धर. कागद फडफडायला लागला आणि मधेच आत ओढल्यासारखा व्हायचा. ‘‘बाई, बघा. लयीत आहे का?’’

लयीत नव्हता. आणि हे मला लगेच कळलं, कारण हा माझा प्रांत. मनाचे श्लोक ज्या भुजंगप्रयातात आहेत त्यात एका चरणात चार ‘य’ गण असतात. इंजिनालाही चार सिलिंडर, आणि ठिणगीचा क्रम ठरलेला: एक, तीन, चार, दोन. एखाद्या मुलाची प्रत्येक ओळ तिसऱ्याच गणात लंगडत असेल, तर त्याची तेवढी एक जागा कच्ची आहे. तसंच एकच प्लग किंवा एकच व्हॉल्व्ह बिघडला असेल तर कागद ठराविक ठोक्याला चुकतो. आमचा कागद कुठेही चुकत होता. कधी दोन ठोके सलग, कधी बराच वेळ नाही. म्हणजे दोष एका सिलिंडरचा नाही. चौघांना ठिणगी जिथून वाटली जाते तिथला.

नातवाने टायमिंग लाइट आणला. तो चिमटा एखाद्या प्लगच्या वायरला लावतात. उस्तादांनी कॉइलच्या मधल्या मोठ्या वायरला लावायला सांगितला. मिनिटाला ३,००० फेऱ्यांना त्या वायरमधून सेकंदाला शंभर ठिणग्या जातात. दिवा सलग पेटल्यासारखा दिसायला हवा. तो मधेच विझत होता. म्हणजे वीज कॉइलमधूनच निघत नव्हती. उस्तादांनी कंडेन्सर बदलून पाहिला, तेच. दुसरी कॉइल जोडली, तेच. पॉइंट उघडून गेज लावला. फट बरोबर होती.

तेव्हा हे, जे इतका वेळ खुर्चीवर बसून आमचे ओठ वाचत होते, म्हणाले, ‘‘उस्ताद, टायमिंग लावताना ती कशी चालते?’’

उस्ताद थांबले. ‘‘टायमिंग लावताना सगळ्यांकडेच मस्त चालते, साहेब.’’ आणि मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

आता हे नीट सांगते, कारण गंमत इथेच आहे. डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट एका गोल पाटीवर बसवलेले असतात. पाटीला एक दांडी, दांडीला बाहेर एक बशीसारखा डबा, त्यात रबरी पडदा, आणि डब्यातून एक बारीक नळी कार्ब्युरेटरकडे. पाय थोडाच दाबलेला असतो तेव्हा त्या नळीत हवेचा ओढा जोरात असतो. पडदा ओढला जातो, पाटी थोडी फिरते, ठिणगी जरा आधी पडते. हे हवंच असतं, कारण थोड्या पेट्रोलचं विरळ मिश्रण सावकाश जळतं, त्याला आधी पेटवावं लागतं. गाडी जागेवर उभी असताना नळीचं तोंड झाकलेलं, म्हणून ओढा नाही. आणि घाटात पाय पूर्ण दाबला की हवा मोकळी आत येते, ओढा संपतो, पाटी परत जागेवर! टायमिंग लावताना तर ही नळी काढून तिचं तोंड बंदच करायचं असतं, तसा नियमच आहे. म्हणजे सपाटीवर मध्यम पाय, एवढीच काय ती वेळ पाटी फिरण्याची. आणि तेवढ्याच वेळी आमची गाडी वेडी.

उस्तादांनी नळी कार्ब्युरेटरच्या टोकाला काढली, तिकडचं भोक बंद केलं आणि नातवाला म्हणाले, रेस धर. गाडीने रेस घेतली. तिथल्या तिथे, स्वच्छ, वरपर्यंत. मग त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. रेस सोडायला सांगितली. गाडी जागेवर शांत चालू. नळीचं मोकळं टोक तोंडात धरलं आणि सरबत प्यावं तसं ओढलं. इंजिन लगेच अडखळायला लागलं. सोडलं, शांत. ओढलं, अडखळलं. नातू खो-खो हसत सुटला, ‘‘आजोबा, मलापण!’’ आणि त्यानेही ओढून पाहिलं. मला कुणी विचारलं नाही, नाहीतर मीही ओढलं असतं.

पाटीवरच्या पॉइंटपर्यंत एक बोटभर लांबीची मऊ वायर जाते. पाटी फिरते तशी ती दर वेळी वाकते, सरळ होते. पस्तीस वर्षं ती वाकत होती. वरचं आवरण अगदी ठाकठीक, आत तांब्याच्या केसासारख्या तारा तुटलेल्या. पाटी जागेवर असली की तुटकी टोकं एकमेकांना टेकायची. पाटी फिरली की सुटायची. डोळ्याने पाहून ती कुणालाच सापडली नसती. उस्तादांनी ती काढून दोन बोटांत धरली आणि माझ्या हातावर ठेवली. मधे कुठेतरी ती शिजलेल्या शेवईसारखी लुळी लागत होती.

नवा डिस्ट्रिब्युटर मिळण्याचा प्रश्नच नव्हता. नातू नाना पेठेत जाऊन दोन दुकानं पालथी घालून रिकाम्या हाताने आला. शेवटी त्याच्याच मीटरची जुनी, मऊ सिलिकॉनची वायर तोडली. तीत तारा पुष्कळ आणि बारीक असतात, त्यामुळे ती वाकायला कंटाळत नाही. डाग दिला, बसवली. एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत पाटी हाताने फिरवून मीटरवर तपासली. उस्तादांनी तीनशे रुपये घेतले, तेही यांनी खिशात कोंबले म्हणून. वायरचे पैसे नातवाने घेतले नाहीत. ‘‘नळी ओढायला शिकलो ना, बाई,’’ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा कात्रज. सपाटी, पन्नास, पाय स्थिर. हे मागे वळून माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, ‘‘काही नाही. नुसतं गुणगुणतेय.’’ ‘गुणगुणतेय’ यांना ओठांवरून कळलं नाही, म्हणून मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं. मग यांनी हात डॅशबोर्डवर पालथा ठेवला आणि पद्मावती येईपर्यंत काढला नाही. कान गेले तरी हाताला थरथर कळते, म्हणतात. मी विचारलं नाही.

पीयूसी पहिल्या फटक्यात पास झाली. आरटीओचे साहेब तरुण होते. त्यांनी बोनेट उघडून आत पाहिलं आणि म्हणाले, असं इंजिन मी पहिल्यांदाच बघतोय. फोटो काढून घेतला. नोंदणी डिसेंबर २०३० पर्यंत झाली आहे. मुलाला सांगितलं तर म्हणाला, ‘‘बरं. मग तीसमध्ये बघू.’’

जुना कार्ब्युरेटर किटचा डबा, काढलेले चार चांगले प्लग आणि एक बिनकामाचा कंडेन्सर एवढं सामान माळ्यावर पडून आहे. कुणाकडे ११८ एनई असेल तर कळवा. प्लग तर पद्मिनीलाही चालतील असं हे म्हणतात, पण ते उस्तादांना विचारून घ्या.